‘सर्व ठीक’ छापेपर्यंत

बुधवार, ४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या मनात पहिल्यांदा आईच येईल. आई बरी आहे. सकाळीच माझ्याशी भांडली, म्हणजे उत्तम आहे.

हाताने लिहितेय, कारण ऑफिसातून पाठवलेला प्रत्येक मेल कुणीतरी वाचतं. तुझ्या खोलीवर फोन नाही, आणि तुमच्या ऑफिसच्या फोनवर हा विषय काढायची माझी छाती नाही. आमच्या कंपनीची एक पेटी तुमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बसवली आहे. अमोनिया गळला तर घंटी वाजवणारी, इंजिन रूमच्या दाराबाहेरची करडी पेटी. तिच्या पोटात जो प्रोग्रॅम चालतो तो आमच्या खोलीत लिहिला गेला. मी इथे लागले तेव्हा तू म्हणाला होतास, आता आमच्या नाकाची काळजी आमची बारकी घेणार.

दुसऱ्या एका ठिकाणाहून गेल्या महिन्यात तक्रार आली. घंटी जरा वाजून गप्प बसली आणि गॅस मात्र होता. एक माणूस खोकत खोकत बाहेर आला म्हणून कळलं. साहेबांनी ते पत्र फायलीत लावलं आणि म्हणाले, तारेचा दोष असेल. मी चार दिवस तोच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचतेय. जेवण जात नाही.

मला एवढंच कळव. तुमची घंटी कधी अशी अर्धवट वाजते का? आणि पेटीला प्रिंटर जोडलेला आहे का? तू स्वतः जाऊन बघू नकोस, मिस्त्रींना विचार. तू माल चढवण्याच्या फलाटावर असतोस, इंजिन रूमपासून लांब, एवढ्यावरच माझा जीव थाऱ्यावर आहे. मी विचारलं हे मात्र कुणाला सांगू नकोस. कंपनीच्या यंत्रांबद्दल बाहेर बोलणार नाही अशा कागदावर मी सही केली आहे.

तुझी,
बारकी

*

सोमवार, ९ फेब्रुवारी

बारके,

पाकीट हातात आल्याबरोबर खरंच आई आठवली, आणि पहिली ओळ वाचून हसू आलं. समोरच्याच्या तोंडात प्रश्न यायच्या आधी उत्तर देऊन मोकळं व्हायची तुझी सवय जुनीच. लहानपणी झोपताना दाराची कडी बघायचीस, अंथरुणावर येऊन पडायचीस आणि परत उठून कडी बघायचीस. तेवढ्यात कडी काय पळून गेली का, असं मी विचारलं की रडायला लागायचीस. शंकेखोर ती शंकेखोरच राहिलीस.

तुझी पेटी ठणठणीत आहे. प्रिंटरही आहे, अगदी बाबा आदमच्या काळातला. एक ओळ छापायची तर आधी थरथरतो, मग विचार करतो, मग करकर करत ‘सर्व ठीक’ छापतो. तेवढ्या वेळात माणूस नाक शिंकरून रुमालाची घडी करून खिशात ठेवेल. मॅनेजरला मात्र त्या कागदाचं भारी कौतुक. रोज संध्याकाळी गुंडाळी करून कपाटात ठेवतो.

घंटी अर्धवट वाजते म्हणशील तर हो, एखाद वेळा. तीन-चार सेकंद वाजते आणि गप्प. मिस्त्री म्हणतात, पेटीने ढेकर दिला. मिस्त्री म्हणजे आमच्या इंजिन रूमचे मालकच समज. अठ्ठावीस वर्षं त्या कंप्रेसरांबरोबर काढली. त्यांचं म्हणणं, गॅस आला तर माझ्या नाकाला आधी कळेल, ही पेटी कालची पोर.

तुला हसायला एक गंमत सांगतो. पाळी बदलताना टेस्टचं बटण दाबून घंटी चालू आहे ना बघायचं, असा इथला नेम आहे. गेल्या मंगळवारी दुपारपाळी सुरू होताना मिस्त्रींनी बटण दाबलं आणि घंटी थांबेचना. पाव तास नुसता ठणाणा. सकाळपाळीत एक ढेकर तेवढा दिला होता म्हणे, बाकी काही नाही. मिस्त्री म्हणाले, वास बिलकूल नाही, बटण अडकलंय. मग त्यावर तेल मारलं, ठोकलं, शिव्या दिल्या. त्यात थंडीने सगळे गारठलेले, डोळ्यांतून पाणी इतकं की समोरच्या मीटरचा काटा दिसेना. शेवटी बटाट्याचा ट्रक आला, मागचे मोठे दरवाजे उघडले, आणि थोड्या वेळाने घंटी आपोआप थांबली. परत कटकट नको म्हणून वायरमनने बटणाची तार कापून टाकली. आता कसं शांत आहे.

तेव्हा पोटभर जेव. आईला सांग, बनियन पाठवू नकोस, आहेत तेच फाटत नाहीत.

दादा

*

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

दादा, ते बटण अडकलेलं नव्हतं.

तुझं पत्र काल मिळालं. ते ऑफिसात वाचलं, शेजारच्या टेबलावरचीने पाणी आणून दिलं. मंगळवारी तुम्ही पाव तास गॅसमध्ये उभे होतात. डोळ्यांतलं पाणी थंडीचं नव्हतं. ट्रक आला नसता आणि मागचे दरवाजे उघडले नसते तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

नीट वाच, मी जमेल तितकं सोपं सांगते. त्या पेटीत एकाच वेळी दोन कामं चालतात. आम्ही त्यांना थ्रेड म्हणतो, तू दोन कामकरी समज. एक नाक आहे. ते सतत हवा हुंगतं. दुसरं तोंड आहे, त्याचं काम घंटी वाजवायचं. काम नसेल तेव्हा तोंड झोपतं. गॅसने मर्यादा ओलांडली की नाक त्याला ढोसतं, एकदाच. ते उठतं आणि गॅस असेपर्यंत घंटी वाजवत राहतं. गॅस उतरला की ते एकदा बघतं, आता काही नाही ना? नाही. मग कागदावर ‘सर्व ठीक’ छापतं आणि झोपतं.

घोळ इथे आहे. बघणं झालं, छापणं चालू आहे, अजून झोप लागलेली नाही, आणि नेमका तेव्हा गॅस परत चढला तर? नाक ढोसतं. पण आमच्या यंत्रात ढोसणं फक्त झोपलेल्यालाच लागतं. जागा असेल त्याला ते कळतच नाही, आणि मागाहून कळावं म्हणून कुठे जमाही होत नाही. ते हवेत जातं. नाकाला वाटतं, मी माझं काम केलं. तोंडाचं छापून होतं आणि ते निवांत झोपी जातं. मग गॅस कितीही वाढो, कुणी परत ढोसत नाही. तुमच्या मिस्त्रींचा ढेकर तो हाच. थोडं वाजलं, जरा उतरलं, ‘सर्व ठीक’ छापता छापता परत चढलं, आणि गप्प. ज्या ठिकाणी प्रिंटर नाही तिथे ही फट डोळ्याची पापणीही लवणार नाही इतकी लहान आहे. तुमच्या प्रिंटरला नऊ सेकंद लागत असतील तर ती नऊ सेकंदांची आहे.

टेस्टचं बटणही तोंडाला तसंच ढोसतं. मंगळवारी मिस्त्रींनी ते दाबलं तेव्हा झोपलेलं तोंड उठलं, त्याने हवा बघितली, गॅस दिसला आणि ते खरंखुरं ओरडायला लागलं. तुमच्याकडे त्याला उठवायचा तोच एक उपाय होता आणि तुम्ही त्याचीच तार कापली.

आता करायचं ते असं. तार आजच्या आज जोडून घ्या. घंटीने ढेकर दिला की वीस आकडे मोजा आणि बटण दाबा. वाजत राहिली तर सगळ्यांनी बाहेर पडा. मिस्त्रींचं नाक काहीही म्हणो. अठ्ठावीस वर्षं अमोनियात काढलेल्या नाकाला वास येत असेल असं मला वाटत नाही.

आणि एक. समोरच्या मीटरचा काटा दिसेना, असं तू लिहिलंस. तो काटा फलाटावरून दिसत नाही, दादा. तू तिथे काय करत होतास?

काल दोनदा आणि आज सकाळी एकदा तुमच्या ऑफिसला फोन केला. कारकून म्हणाला, हाक मारतो. दर वेळी परत येऊन म्हणाला, नाहीयेत इथे. आज मी मॅनेजरला मागितलं आणि तार जोडायला सांगितलं. त्याने मंगळवारची गुंडाळी काढून मला वाचून दाखवली. त्यावर ‘सर्व ठीक’शिवाय दुसरं काहीच नाही. ही चूक आमच्यातल्याच कुणाची तरी आहे, कुणाची ते आत्ता विचारू नकोस.

पत्र मिळताच एका ओळीत उत्तर टाक.

बारकी

*

रविवार, १५ फेब्रुवारी

बारके,

तुझ्या उत्तराची वाट न बघताच लिहितोय, कारण आधी पत्ता कळवायला हवा. शुक्रवारी खोली बदलली. नवा पत्ता पाकिटाच्या मागे आहे. जुन्या पत्त्यावर काही पाठवू नकोस. तिथला घरमालक सगळी पत्रं जिन्यातल्या पेटीत टाकतो आणि पेटीची किल्ली कधीच हरवली आहे. माझ्या नशिबाने तुझं मागचं पत्र फटीतून बाहेर डोकावत होतं म्हणून मिळालं.

खोली का बदलली तेही सांगून टाकतो. चार महिने झाले, मी फलाटावर नाही. मिस्त्रींच्या हाताखाली इंजिन रूममध्ये आहे. इथे पगार बरा आहे आणि पाठीला ओझं नाही. ही खोली गेटला लागूनच आहे. तुला आणि आईला सांगितलं असतं तर दोघींनी मिळून माझं डोकं खाल्लं असतं, म्हणून गप्प बसलो. रागावू नकोस. मिस्त्रींनी मुलासारखं शिकवलं मला. माणूस लाख आहे. परवा मात्र एक गोष्ट कळली आणि जरा चरकलो. त्यांची बायको डब्यात आंबलेली भाजी देऊन बसली होती, झाकण काढल्याबरोबर मला वास आला. मिस्त्री चार घास खाऊन म्हणाले, छान झालीय. त्या नाकाचा इथे सगळ्यांना केवढा आधार वाटतो.

कारकून म्हणत होता, तुझा फोन आला होता. तीनदा का काय. तो अंगणात उभा राहून हाका मारतो, आणि मी तेवढ्यात आत गेलेलो असतो. कंप्रेसरच्या आवाजात कानाशी कुणी ओरडलं तरी कळत नाही, अंगणातली हाक कुठली ऐकू येणार. तो परत जातो आणि फोन ठेवून देतो. काय होतं गं? महत्त्वाचं असेल तर परत करशील म्हणून मी काही केलं नाही.

दोन नंबरच्या कंप्रेसरचा दांडा जिथून बाहेर येतो तिथलं पॅकिंग, आम्ही त्याला ग्लँड म्हणतो, ते जरा झिरपतंय. २३ तारखेच्या सोमवारी बदलायचं ठरलंय. मिस्त्री त्याच दिवसापासून आठवडाभर रजेवर आहेत, मुलीकडे जाणार आहेत. दुपारपाळीत मी एकटाच. पहिल्यांदाच एकट्यावर काम टाकलंय, तेव्हा तुझ्या दादाला बढती मिळाली असं समज.

दादा

*

शनिवार, २१ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. म्हणजे माझं तेराचं पत्र कुलूपबंद पेटीत पडलंय, आणि मी आठवडाभर समजत होते की तुला सगळं कळलं आहे. तुझं उत्तर येत नव्हतं तेव्हा मनाला सांगत होते, तार जोडण्याच्या गडबडीत असेल.

हे पत्रही सोमवारच्या आत पोचणार नाही, तरी लिहितेय, आणि त्या पत्रातलं पेटीच्या नाका-तोंडाचं सगळं परत लिहून सोबत जोडतेय. आज सकाळी तुमच्या ऑफिसला परत फोन लावला. कारकून उचलल्या उचलल्या म्हणाला, थांबा ताई, हाक मारतो. मी म्हणाले, हाक मारू नका. लिहून घ्या. तो म्हणाला, निरोप सांगेन की मी. मी म्हणाले, सांगू पण नका, तुम्ही सांगाल तेव्हा तो आत असेल. कागद घ्या, मोठ्या अक्षरात लिहा आणि इंजिन रूमच्या दाराला खिळा ठोकून लावा. तो बिचारा म्हणाला, दाराला खिळा ठोकला तर मॅनेजर मला ठोकेल. मी रडायला लागले. मग त्याने लिहून घेतलं. मी ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि फोन चालू ठेवून त्याला लावायला पाठवलं. सात मिनिटं रिसीव्हर कानाशी धरून बसले होते. येऊन म्हणाला, लावला ताई, मजबूत बसलाय. आता तू कुठेही अस, आत जाताना तो तुझ्या डोळ्यांसमोर येईल. मी परमेश्वराला फारशी त्रास देणारी नाही, पण आज दिला.

आता जे लपवलं ते सांगते. चूक कुणाची ते विचारू नकोस म्हटलं होतं. ती ओळ माझी आहे. दोन वर्षांपूर्वी मी लिहिली, नवीन होते, साहेबांना दाखवायची घाई होती. नाक पुन्हा पुन्हा ढोसायचं तेव्हा घंटी अडखळत वाजायची, ऐकायला वाईट वाटायचं. म्हणून मी ते एकदाच ढोसेल असं केलं. आणि कागद जोडायला सांगितलं तेव्हा छापायची ओळ नेमकी बघणं आणि झोपणं यांच्यामध्ये घुसवली. कडी दोनदा बघणारी मी, आणि जिथे दोनदा बघायला हवं होतं तिथे एकदा बघून झोपले.

दुरुस्ती परवा रात्रीत झाली, काहीच वेळ लागला नाही. याचंच जास्त वाईट वाटतं. आता नाक आधी पाटीवर लिहितं, मग ढोसतं. तोंड ढोसण्यावर विसंबत नाही, पाटी बघतं. पाटी एका वेळी एकाच्याच हातात असते. तोंड ती हातात धरूनच शेवटचं बघतं, आणि पाटी खाली ठेवणं आणि डोळे मिटणं एका दमात होतं, मध्ये नाकाला शिरायला जागा नाही. ढोसणं हवेत गेलं तरी लिहिलेलं राहतं.

काल साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, शाब्बास, पुढच्या वेळी पेट्या तपासायला जाऊ तेव्हा घालू, तोवर बोभाटा नको. पुढची वेळ जूनमध्ये आहे. प्रिंटर जोडलेल्या अकरा पेट्या आहेत, त्यांतली एक तुमची. मी म्हणाले, सर, माझा भाऊ तिथे आहे. ते म्हणाले, मग भावाला सांगा ना. दादा, त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की मला क्षणभर ते पटलंच. घरी जाताना बसमध्ये बाकीच्या दहा ठिकाणच्या माणसांची तोंडं डोळ्यांसमोर यायला लागली, आणि त्या सगळ्यांची तोंडं तुझ्यासारखीच होती.

तुझ्याकडे यायला दीड दिवस लागतो. आत्ता निघाले तर दहा पत्रं कोण लिहिणार? सोमवारी साहेब आले की पत्त्यांची वही माझ्या हाताला लागणार नाही. म्हणून आज सुट्टी असून ऑफिसात येऊन बसलेय आणि लिहितेय. चौथं पत्र चालू आहे. दर पत्रानंतर तुमच्या दारावरचा कागद आठवतो. वाऱ्याने उडाला नसेल ना, असं वाटतं. खिळा मजबूत बसलाय, असं मी स्वतःला सांगते, आणि थोड्या वेळाने परत सांगते.

बारकी

*

गुरुवार, २६ फेब्रुवारी

बारके,

मी बरा आहे. हे आधी वाच आणि मग पुढचं.

शनिवार-रविवार मला सुट्टी होती. सोमवारी दुपारी दोनला पाळीवर आलो. दाराला कागद होता. ‘आत जाऊ नको. बटणाची तार जोड. बटण दाब. घंटी वाजली तर खरी मान. बारकी.’ खाली कारकुनाने स्वतःच्या मनाने लिहिलं होतं, ताई रडत होत्या. खरं सांगतो, मी हसलो. मग म्हटलं, एवढं केलंय पोरीने तर तार जोडायला काय जातं. दाराबाहेर पेटीसमोर उभा राहून जोडली. बटण दाबलं. घंटी वाजायला लागली आणि थांबेना.

माझा हात तेलाच्या डब्याकडे गेला होता, बारके. सवयीने. मग कागदावर नजर गेली आणि हात मागे घेतला.

मी मागच्या बाजूने पळालो, मोठे दरवाजे उघडायला. तिथे भिंतीला टेकून मिस्त्रींची सायकल होती.

ते रजेवर गेलेच नव्हते. मला एकट्याला ग्लँडचं काम जमेल की नाही म्हणून गाडी रद्द करून दीड वाजता आले होते आणि मागच्या लहान दाराने आत गेले होते. कागद पुढच्या दारावर होता. त्यांना वास कळलाच नसणार. गॅसचा मुखवटा चढवून आत गेलो. पांढरं धुकं होतं, कमरेइतकं. ते दोन नंबरपाशी गुडघ्यांवर बसलेले सापडले, पाना हातातच. कसं ओढलं, काय केलं, मला नीट आठवत नाही. बाहेर आल्यावर नळाखाली त्यांचा चेहरा धरून बसलो होतो एवढं आठवतं. त्यांचं अंग इतकं हलकं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

जीव आहे. घसा आतून भाजलाय, ताप उतरत नाही. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे, ती पुढच्या शुक्रवारी म्हणजे सहाला उघडणार. दिसेल की नाही ते डॉक्टर आत्ता बोलत नाहीत. मॅनेजरने सोमवारची गुंडाळी आणून दाखवली. बारा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी ‘सर्व ठीक’. एकच्या सुमाराला ढेकर दिला होता, असं सकाळपाळीवाला सांगतो. तो एकला जेवायला जाताना रोज बटण दाबून जायचा. तार कापल्यापासून ते बंद झालं होतं. तार असती तर मिस्त्री आत जायच्या आधी अर्धा तास घंटी वाजली असती.

आणि ती तार वायरमनने कापली नाही. मी कापली. त्या मंगळवारी मिस्त्री डोळे धुवायला गेले होते आणि माझं डोकं त्या ठणाण्याने फिरलं होतं. परत आल्यावर त्यांना सांगितलं, वायरमन येऊन गेला. तुला पण तेच लिहिलं. आता तुझं शनिवारचं पत्र आलंय आणि तुझी ती ओळ वाचून मी अंगणात जाऊन बसलो. तू तुझं लिहून टाकलंस. माझं मला लिहायला इतके दिवस लागले.

काल भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात चाचपडत धरला आणि फुसफुसल्या आवाजात विचारलं, ‘घंटी का नाही रे वाजली?’ मी म्हणालो, बोलू नका मिस्त्री, घशाला त्रास होईल, पडून राहा. त्यांची बायको बाजूला होती. मला धीर झाला नाही. ते परत विचारतील तेव्हा सांगेन असं ठरवलंय. तू येशील का? तू बरोबर असलीस तर सांगता येईल. भीती वाटते गं. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती.

दादा

*

सोमवार, २ मार्च

दादा,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. तुझ्या पहिल्या ओळीला आधी हात लावला, खरी आहे ना म्हणून. मग पुढचं वाचलं.

तुझा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. तू तार कापलीस कारण माझी घंटी विश्वास ठेवण्यासारखी वागत नव्हती. तेव्हा तुझी चूक आणि माझी चूक वेगळी काढता येत नाही, निदान मला तरी काढता आली नाही. माझ्यामुळे तुला खोटं बोलावं लागलं असं मी म्हणणार नाही, ते तुझं तुलाच वाहायला हवं. मागच्या दाराचा विचार मी केला नाही, तो दोष माझा.

इथलं सांगते. साहेबांना मंगळवारीच कळलं. माझं टेबल मोकळं केलं, पुठ्ठ्याचं एक खोकं दिलं, आणि दारापर्यंत रखवालदार सोबत दिला. आईला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता वेळेवर जेवशील. दहापैकी आठ ठिकाणांहून उत्तरं आली आहेत, त्यांनी प्रिंटर काढून ठेवलेत. दोन ठिकाणांहून काही नाही. एका ठिकाणचा फोन वाजत राहतो आणि कुणी उचलत नाही. तिथे मी कालही लावला, आजही लावला.

मी बुधवारी निघतेय, गुरुवारी संध्याकाळी पोचेन. शुक्रवारी पट्टी उघडताना तिथे असेन. पण तू माझी वाट बघू नकोस. मिस्त्रींनी तुला एकदा विचारलंय. ते परत विचारतील आणि मग तू सांगशील, हे तू कशावरून धरून चाललास? माझा फोन आला तेव्हाही तू असंच म्हणाला होतास, महत्त्वाचं असेल तर परत करेल. मी करू शकले म्हणून केला, दादा. त्यांचा ताप उतरलेला नाही. घसा भाजलेला माणूस एवढा जोर लावून एक प्रश्न विचारतो, तो परत विचारायला त्यांच्यात त्राण असेलच असं नाही. नसलं तर ते काय समजून जातील? आपलं नाक चुकलं, आपणच चुकलो, असंच ना.

त्यांना सांग की घंटी वाजायला हवी होती. ज्या ओळीमुळे ती वाजली नाही ती माझ्या बहिणीने लिहिली, आणि ज्या तारेमुळे वाजली असती ती मी कापली. तुमचं काही चुकलं नाही, हे शेवटी सांग, आणि त्यांनी ऐकलंय असं कळेपर्यंत हात सोडू नकोस. मला शिव्या दिल्या तर नीट लक्षात ठेव, मी आल्यावर पूर्ण ऐकेन.

हे पत्र स्पीड पोस्टने टाकतेय, म्हणजे माझ्या आधी, बुधवारी पोचेल. गेटवरच्या पोराच्या हातात देऊ नका, थेट खोलीच्या दाराखालून सरकवा, असं पाकिटावर लिहिलं आहे. म्हणजे तू पाळीवरून आलास की तुझा पाय त्यावर पडेल. वाचून झालं की चपला काढू नकोस. मला उत्तर लिहायला बसू नकोस. आधी दवाखान्यात जा.

बारकी